पीठ अजून भाज

वाल्डॉर्फ, ६ जानेवारी २००७

वीणा,

पाकिटावरचा पत्ता ह्यांच्याकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर बघितलं असतंस तर पत्र तसंच कचऱ्यात गेलं असतं. ह्यांचं अक्षर सरकारी नोटिशीसारखं आहे, ते कुणीही घाबरून उघडतं. ई-मेल मुद्दामच केली नाही, ती एका बोटानं पुसता येते. कागद फाडायला दोन हात लागतात, तेवढ्यात चार ओळी तरी डोळ्यांखालून जातील.

आईच्या साठीचा विषय मी काढणार नाही. आईनं रेमीचं, जावयाचं, पान पडवीत वेगळं मांडलं, तू भरल्या पानावरून उठलीस आणि तेव्हापासून तुझं-माझं बोलणं बंद. आता आई नाही, रेमीही नाही. भांडायला आपण दोघी उरलोय, सवडीनं भांडू. आत्ता काम दुसरं आहे.

काम तुझ्या लेकीचं. शमिका ऑक्टोबरपासून इथे जर्मनीत हायडेलबर्गला शिकतेय हे तुला माहीत आहेच. दर शनिवारी बसनं आमच्याकडे येते आणि रविवारी रात्री परत जाते, हे बहुधा माहीत नसेल. आमचा पत्ता तिला रेमीकडूनच मिळाला होता. तो मला दर नाताळात कार्ड पाठवायचा. खाली तिघांची नावं, तिन्ही त्याच्याच अक्षरात. तुला ठाऊक होतं का गं? मला नेहमी वाटायचं की नसावं, पण विचारणार कुणाला?

ती तुला फोन करत नाही. फेब्रुवारीअखेर तिचं सेमिस्टर संपतं, तेव्हा घरी यायचं ठरलं होतं. आता म्हणते येणार नाही, आणखी एक सेमिस्टर काढणार, मग पुढचं पुढे. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मम्मानं डॅडचं पॉट देऊन टाकलं." खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढं कळलं, की रेमी ज्यात गंबो, तो तुमच्याकडचा कोंबडीचा दाट रस्सा, करायचा ते बिडाचं मोठं पातेलं तू त्याच्या भावाला दिलंस आणि म्हणालीस, या घरात आता गंबो होणार नाही. ऑगस्टमध्ये बाप गेला, सप्टेंबरात पातेलं गेलं आणि ऑक्टोबरात पोरगी. पातेल्यासाठी कुणी आईला सोडतं का? मला हे कळत नाही, आणि मला एखादी गोष्ट कळली नाही की माझं काय होतं ते तू लहानपणापासून बघितलंयस.

आज इथे तीन राजांचा सण, दुकानं बंद. सकाळी शमिका खिडकीत बसून म्हणाली, आमच्याकडे लुइझियानात आजपासून मार्दी ग्राचे दिवस सुरू होतात. मग बराच वेळ त्याबद्दलच बोलत होती. चाळीस दिवसांच्या उपासाआधीचा तो खाण्यापिण्याचा मंगळवार, लोक मुखवटे घालून दारोदार फिरतात, कुणी तांदूळ देतं, कुणी सॉसेज, कुणी जिवंत कोंबडी सोडतं आणि सगळे तिच्यामागे चिखलातून धावतात. हे खरं आहे का? की मावशीची फिरकी घेतली? शेवटी म्हणाली, "मावशी, ह्या वर्षी तू करशील? गंबो?"

मी हो म्हणून बसलेय. वीणा, मी आयुष्यात कोंबडी शिजवलेली नाही.

तेव्हा कसं करायचं ते कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर. मी पत्र लिहितेय हे तिला माहीत नाही.

तुला आवडो न आवडो, तुझी ताई

(खाली "आशीर्वाद" लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच. तू चिडशील असं वाटलं.)

वाल्डॉर्फ, २४ जानेवारी २००७

वीणा,

काल तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि त्यात मजकूर काय, तर "लाडवाचा वास आला की तू थांबशील. थांबू नकोस. पीठ अजून भाज. भेंडीची तार काढू नकोस." ना सही, ना तारीख. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसले आणि मग खुर्चीवर बसून थोडी रडले. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, कांदा.

कमाल म्हणजे तू हे लिहिलंस तेव्हा माझा पहिला प्रयोग झालाही नव्हता. तो झाला गेल्या शनिवारी, कार्ड यायच्या आधी. आणि मी अगदी तिथेच थांबले!

सविस्तर सांगते. शमिकानं आठवून आठवून सांगितलं, की आधी मैदा तेलात भाजायचा, त्याला रू म्हणतात, मग त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी. मी भाजीवाल्याकडे जाऊन झेलरी मागितली, त्यानं हातात सुरणासारखा गड्डा ठेवला. मला वाटलं, असेल लुइझियानात असंच काही. घरी आल्यावर शमिका गड्ड्याकडे बघतच राहिली. देठं पाहिजे होती, मी मूळ आणलं. भेंडी आणली तुर्की दुकानातून. ती बाई म्हणाली, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, तार जाते. म्हणजे तीही आपल्याच मताची! मी व्हिनेगर लावलं, वर दोन आमसुलं टाकली आणि भेंडी अशी मोकळी परतली की आई शाबास म्हणाली असती.

कोंबडीचं म्हणशील, तर मेत्स्गरकडच्या, म्हणजे खाटकाच्या दुकानातल्या बाईला सांगितलं की मला बघायची नाही, तुम्हीच तुकडे करून कागदात बांधा. तिनं विचारलं, मग खाणार कोण? म्हटलं, माझी भाची. "आल्झो, असं होय," ती म्हणाली आणि एक धुरावलेलं सॉसेज फुकट घातलं. शिजवताना मी खिडकी उघडी टाकली होती, बाहेर उणे चार. हे मात्र दोनदा येऊन झाकण उचलून गेले. कॅन्टीनमध्ये हे काय खातात ते मी कधी विचारलेलं नाही.

आणि रू. मी तूप घेतलं, कारण तेलात पीठ भाजायला हात धजेना. मंद आचेवर भाजत गेले, छान गुलाबी झालं, घरभर वास सुटला. हात आपोआप शेगडीच्या बटणाकडे गेला. मी चाखणार नव्हतेच, पण चाखायची गरज काय? आईनं आपल्याला नैवेद्याचा स्वयंपाक कसा शिकवला आठवतं ना? देवाआधी चव घ्यायची नाही, मीठसुद्धा वासावर. आपल्या दोघींना पाठमोरं उभं करून विचारायची, पीठ झालं का सांगा. तू नेहमी माझ्या आधी सांगायचीस आणि तुझंच बरोबर यायचं. मला त्याचा राग यायचा.

शमिकानं बशीभर भातावर घेतलं, दोन घास खाल्ले. फार शहाणी मुलगी आहे. म्हणाली, "मावशी, इट्स गुड. रिअली. पण हे सूप आहे."

तर आता सांग, रंग कुठवर न्यायचा? बदामी, तपकिरी, की त्याच्याही पुढे? करपलं आणि झालं ह्यातला फरक कसा ओळखायचा? आणि हेही सांग, पातेलं का दिलंस?

तुझं कार्ड फ्रिजवर लावलंय. शमिकाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून बिनधास्त. अमेरिकेच्या तिकिटावर मात्र तिची नजर गेली. चहा होईपर्यंत तिथेच उभी होती.

तुझी ताई

वाल्डॉर्फ, ९ फेब्रुवारी २००७

वीणा,

दुसरं कार्ड मिळालं. "तेल घे. रंगाचं मला विचारू नकोस. मी तो कधी बघितला नाही." पातेल्याबद्दल अक्षर नाही.

आता मला सांग, हे काय उत्तर झालं? वीस वर्षं त्या माणसाबरोबर संसार केलास, दर हिवाळ्यात घरात गंबो झाला, आणि तू पातेल्यात डोकावलीसुद्धा नाहीस? तुला चिडून लिहायचं होतं की खरं लिहायचं होतं, तेच कळत नाही. दोन दिवस मी ह्याच विचारात आहे. हे म्हणाले, अगं, बहीण आहे तुझी, कोडं नव्हे. तुम्हाला काय माहीत, म्हटलं.

दुसरा प्रयोग पार फसला. मोठ्या जोरात ठरवलं की थांबायचं नाही. लाडवाचा वास आला, गेला. मग डोळे मिटून ढवळत राहिले आणि एकदम काळे ठिपके आले. वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ केसलर जिना उतरून आल्या. "काही जळतंय का हो तुमच्याकडे?" मी म्हटलं, हो, मी. सगळं ओतून दिलं. वीणा, मला तो रस्ताच माहीत नाही. लाडवापर्यंतचा वास आईनं शिकवला. पुढे आपल्याकडे कुणी जातच नाही, पुढे म्हणजे करपलं आणि बोलणी खाल्ली.

शमिका हसली नाही. कढई घासायला लागली आणि घासताना म्हणाली, "लेट इट गो, मावशी. नाही तर नाही." तिचा हा सूर मला आवडला नाही. सोमवारी तिनं विद्यापीठात विचारून ठेवलंय, महिनाअखेरीपर्यंत कळवलं तर मुक्काम वाढवून मिळतो. मला खोलीचे फोटो दाखवले, उन्हाळ्यासाठी नेकर नदीच्या काठावर एक खोली बघितलीये. चांगली खोली आहे. मी तोंड भरून कौतुक केलं आणि आत जाऊन फडताळ उगीचच आवरलं.

तुला मी सांगायला हवं की ती इथे सुखात आहे, काळजी नको. पण ती सुखात नाही. झोपते तेव्हा तुझ्यासारखी उशी पोटाशी धरते. बोलताना "मम्मा म्हणते" असं सुरू करते आणि मध्येच थांबते.

इथे सगळीकडे फाशिंगची, म्हणजे इथल्या मार्दी ग्राची, गडबड आहे. पोरं वाघ-माकडं होऊन शाळेत जातात. तुमच्या त्या दारोदार गंबोचं सामान मागण्यावरून मला आपला शिमगा आठवला, साताऱ्याला पोरं होळीसाठी लाकडं-गोवऱ्या मागत फिरायची आणि दिल्या नाहीत तर कुंपण उचलून न्यायची. रेमीला हे कधी सांगितलं होतंस का? त्याला आवडलं असतं. साठीच्या दिवशी पडवीत एकटा बसून त्यानं पुरणपोळीचं केवढं कौतुक केलं होतं. पान वेगळं का, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला वाटलं पाहुण्याचा मान.

मंगळवारी विसाला, मार्दी ग्राच्याच दिवशी, शेवटचा प्रयत्न. तोवर तुझं कार्ड पोचणार नाही, हे मला कळतंय. तरी विचारते, तू बघितलं नाहीस म्हणजे काय?

तुझी ताई

वाल्डॉर्फ, राखेचा बुधवार, २१ फेब्रुवारी २००७

वीणा,

काल फोनवर तुला फक्त आवाज ऐकू आले. इकडे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

संध्याकाळी सहाला सुरुवात केली. तिखटजाळ मिरीचा मसाला शमिकानं कोंबडीला लावला, तिची मित्रमंडळी सातला यायची होती. ह्यांचा टाय ऑफिसातल्या बायकांनी गेल्या गुरुवारीच कापलाय, इथे तसा रिवाज आहे. तो अर्धा टाय घालूनच हे भात करत होते. शमिका कांदा चिरत होती. मी तेलात पीठ टाकलं आणि ढवळायला लागले. लाडू झाला, पुढे गेले. पीठ तांबूस झालं. माझा हात बटणाकडे गेला तर शमिकानं मनगट धरलं. "नॉट येट."

"मग केव्हा?"

"आय डोन्ट नो!" ती म्हणाली. "मला नाही माहीत. डॅडलासुद्धा नव्हतं माहीत."

मी ढवळतच होते, थांबता कुठे येतं? विचारलं, म्हणजे काय? रेमी करायचा ना? तर ती म्हणाली, डॅड फक्त ढवळायचा. त्याला वास यायचा नाही, रिफायनरीत नाक गेलं होतं, आणि डोळ्यांचा त्याला भरवसा नव्हता. मम्मा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायची. आणि मग मम्मा तिथूनच ओरडायची, "बास!" की डॅड कांदा टाकायचा.

मला एकदम सगळं लख्ख कळलं. "रंग मी कधी बघितला नाही." आईनं आपल्याला पाठमोरं उभं केलं होतं ना, तू तशीच उभी राहिलीस वीस वर्षं, दुसऱ्या खोलीत. आणि तो नसताना त्या पातेल्याचं तू काय करणार होतीस? बास म्हणायचं तरी कुणाला? मी शमिकाला एवढंच म्हटलं, "अगं, तिनं पातेलं रागानं नाही दिलं."

ती चिरायची सुरी हातात धरून उभी राहिली. पण पीठ काही कुणासाठी थांबत नाही. वीणा, पीठ जर पाच मिनिटं थांबलं असतं ना, तर ती विचार करत बसली असती आणि फोन झालाच नसता. मी ओरडले, "शमिका, काळं होतंय!" आणि तिनं फोन उचलला. नंबर पाठ होता. हात कांद्याचे, डोळे वाहत होते, कांद्यानं असं तीही म्हणाली असती.

तू काय काय म्हणशील ह्याची मला धास्ती होती. एवढ्या महिन्यांनी मुलीचा आवाज. ती म्हणाली, "मम्मा, पीठ स्टोव्हवर आहे. मावशीला कळत नाहीये. हरी!" आणि तू ना हॅलो, ना कशी आहेस, सरळ म्हणालीस, "ताईला दे. वास सांग म्हणावं." तुझ्यामागे व्हायोलिन आणि माणसांचा कल्ला ऐकू येत होता, मग तो बंद झाला. तू खिडकी लावलीस ना?

माझ्या कानाशी फोन शमिकानं धरला होता, कारण माझे दोन्ही हात कढईत. म्हणून तर माझा आवाज तसा येत होता. मी म्हटलं, थालीपिठाच्या भाजणीचा. तू म्हणालीस, पुढे. मी म्हटलं, शेंगदाणे भाजताना सालं काळी पडतात तो. तू म्हणालीस, अजून. मग मी म्हटलं, खोबरं, आईच्या गोड्या मसाल्याचं, ती काढ काढ म्हणून ओरडायची तेव्हाचं. आणि तू हसलीस. खरंच हसलीस की मला भास झाला? त्याच वेळी दाराची बेल वाजली. फ्राऊ केसलर होत्या, जळतंय का विचारायला. हे अर्ध्या टायनं दार अडवून सांगत होते, "गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, जळायलाच हवंय." मग मला आणखी एक वास आला, त्याला नाव सापडेना. म्हटलं, वीणा, कडू आहे पण वाईट नाही, कॉफी उतू गेल्यासारखा, त्याच्या जरासा अलीकडचा...

"बास!" तू म्हणालीस.

फोन तिच्या हातात होता, आवाज तिलाही ऐकू गेला. शमिकानं एका हातानं सगळा कांदा लोटला. केवढा चर्र आवाज झाला, तो तुला ऐकू आला असेल. मग ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लावून घेतलं. ते बोलणं तुमचं तुम्हाला माहीत, मी काही ऐकलं नाही. (काचेतून बघितलं. कोट न घालता उभी होती, मी नेऊन खांद्यावर टाकला, तेवढंच.)

भेंडी तारेसकट घातली. कोंबडी घालायच्या आधी माझ्यासाठी वाटीभर बाजूला काढलं. सगळे एकाच टेबलावर बसलो, फ्राऊ केसलरसुद्धा, त्यांना परत पाठवणं बरं दिसेना. मी माझी वाटी भातावर घेतली. तुला खरं सांगू? पहिल्या घासाला वाटलं, हे करपलंय. दुसऱ्याला वाटलं, नाही. तिसऱ्याला आईची फार आठवण आली. तिनं हे कधीच खाल्लं नसतं, आणि पाठमोरी उभी राहून बरोबर सांगितलं असतं की झालं.

शमिकानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग म्हणाली, "मावशी, आज मम्मा काय जेवली असेल?" तिनं तुला फोनवर विचारलं नाही, म्हणून मी विचारते. काल दुपारी बाहेर सगळं गाव गाणी म्हणत फिरत होतं, तेव्हा तू खिडकी लावून काय जेवलीस?

नेकरकाठच्या खोलीला तिनं आज सकाळी नकार कळवला. दहा मार्चचं विमान आहे. दिराला सांग, पातेलं परत हवंय म्हणून, आणि लाजू नकोस, त्यानं काही ते वापरलं नसेल. ढवळायला शमिका उभी राहील. काल तिनं माझ्या हातातून कालथा घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही. तू फक्त बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बस.

आशीर्वाद. ह्या वेळी खोडत नाही.

तुझी ताई